पाकीट कुंकळ्येचं, पिन कुंकळ्ळीचा

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी फोंडा तालुक्यातल्या कुंकळ्ये गावात राहते. माझी मुलगी अकरावी-बारावीला पुण्यात माझ्या भावाकडे होती. यंदा तिला इथल्या कॉलेजात घातली. तिची बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला भावाकडेच राहिला होता. त्यानं ते दोन्ही कागद स्पीड पोस्टानं पाठवले आणि त्याच पाकिटात आमच्या आईची ओव्यांची वहीही घातली. आई गेल्यापासून ती त्याच्याकडे होती. आज बारावा दिवस, पाकीट नाही. नंबर टाकून बघितलं तर आठ दिवसांपूर्वी ते आमच्या गावच्या पोस्टात पोचल्याचं दिसतं, फक्त गावाचं स्पेलिंग जरा चुकलंय. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, ‘‘बाये, आयलेंच ना,’’ म्हणजे आलेलंच नाही. मी त्याला चार माणसांसमोर नको ते बोलले. कॉलेजनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

बँकेचं नवं एटीएम कार्डही दोन महिने झाले आलेलं नाही. गेल्या वर्षी लग्नाच्या दोन पत्रिका आल्या नव्हत्या. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, माझ्याच नावाची आणखी एक बाई आहे, तिच्यावर संशय येतो. घरचे म्हणतात, पोलिसांत जा. त्यात काल मोबाइलवर मेसेज आला की पत्ता अपुरा असल्यानं पार्सल गोदामात अडकलंय, चोवीस तासांत लिंकवर पत्ता घाला आणि २५ रुपये भरा. भरू का? भावानं पावतीचा फोटो पाठवलाय, तो जोडते.

एक आई, कुंकळ्ये

उत्तर

बाय, तुमची मेल वाचल्यावर तासाभरात मी दोन ओळी कळवल्याच होत्या. ज्यांच्यावर हीच पाळी येते त्यांच्यासाठी आज सविस्तर लिहिते.

आधी तो मेसेज. पंचवीस रुपये भरू नका आणि ती लिंक उघडूही नका. पोस्ट खातं पत्ता अपुरा आहे म्हणून मोबाइलवर लिंक पाठवून पैसे मागत नाही. असले मेसेज देशभर फिरत असतात आणि केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं ते खोटे असल्याचं जाहीर केलं आहे. माझं पाकीट खरंच अडकलंय हे त्यांना कसं कळलं, असं तुम्हाला वाटलं असेल. त्यांना काही कळलेलं नाही. तोच मेसेज एका दमात हजारो जणांना जातो आणि त्यांतल्या कुणाचं ना कुणाचं काहीतरी यायचं असतंच. राखीच्या दिवसांत तर घरोघरी माणसं पोस्टमनची वाट बघत असतात. पंचवीस रुपयांसाठी तुम्ही तिथं कार्डाचा नंबर आणि ओटीपी घातलात की खात्यात असेल तेवढं जातं. घरात कुणी घाईनं आधीच भरून बसलं असेल तर त्याच्यावर ओरडण्यात वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगोलग बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त.

आता पावती. तिचा फोटो तुम्ही जोडलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. पावतीवर छापलेला पिन आहे ४०३७०३. हा तुमचा पिन नव्हे. तुमच्या कुंकळ्येचं टपाल म्हार्दोळच्या पोस्टाचं, ४०३४०४. पावतीवरचा आहे तो कुंकळ्ळीचा. सासष्टी तालुक्यातल्या, मडगाव ओलांडून काणकोणच्या वाटेवर लागणाऱ्या कुंकळ्ळीचा. ट्रॅकिंगवर जे तुम्हाला आपल्या गावाचं चुकलेलं स्पेलिंग वाटलं, ते दुसऱ्या गावाचं बरोबर स्पेलिंग आहे. म्हणजे तुमचा पोस्टमन खरं बोलत होता. त्याच्याकडे ते आलेलंच नाही.

आपण तोंडानं कुंकळ्ळी आणि कुंकळ्ये म्हणतो तेव्हा गोव्यात कुणाची गफलत होत नाही. रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहिलं की दोहोंत एका ‘ई’चा फरक उरतो. पोर्तुगिजांनी आपली गावं त्यांच्या कानाला लागली तशी लिहून काढली, शेवटचा स्वर नाकातून निघतो हे दाखवायला ‘एम’ लावला, आणि सरकारी कागदांवर तेच आजपर्यंत चालत आलं. डिचोलीचं बिचोलीम झालं, सांग्याचं सांगेम. तिसवाडीतली रेल्वे स्टेशनाची करमळी आणि सत्तरीतली वाळपईजवळची ब्रह्मकरमळी, रोमीत दोन्ही कारांबोलीम. इथं जन्मलेल्या माणसाला हे पाठ असतं. पुण्यातल्या काउंटरवर बसलेल्या मुलीला ते कुठून ठाऊक असणार? तुमच्या भावानंही फोनवर गावाचं नाव घालून पिन शोधला असेल आणि पहिला दिसला तो लिहिला असेल. त्याच्याशी भांडू नका. पुढची बरीच कामं त्यालाच करायची आहेत.

हे सहा आकडे मुळात याच घोळातून वाट काढायला आले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले. केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात कविता करत. एकाच नावाची अनेक गावं, प्रांतागणिक वेगळी लिपी, एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगं. अशा देशात निव्वळ नावावर भिस्त ठेवून पत्र पोचत नाही हे ओळखून त्यांनी ही रचना केली. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. ४०३ म्हटलं की गोवा. शेवटचे तीन आकडे सांगतात, बटवडा कुठलं पोस्ट करणार. गोव्यातल्या गोव्यात एका गावाला दुसऱ्यापासून वेगळं काढायचं काम त्या शेवटच्या तिघांचं. काउंटरवर नोंद होते ती पिनवर, आणि पिशवी बांधली जाते तीही पिनवरच. म्हणून पाकिटावर हातानं ‘फोंडा’ लिहिलेलं असलं तरी ते कुंकळ्ळीला पोचेपर्यंत बहुधा कुणी वाचलेलं नसतं.

मग ते आता कुठं असेल? कुंकळ्ळीच्या पोस्टमननं दोन-तीन वाड्यांवर तुमचं नाव विचारलं असेल, कुणी ओळखलं नसेल, आणि पाकीट तिथल्या पोस्टात थांबलं असेल. असं टपाल साधारण आठवडाभर ठेवून घेतात, मग पाठवणाऱ्याकडे परत करतात. किंवा तिथल्या एखाद्या अनुभवी माणसानं ‘फोंडा’ वाचून ते चुकून आलेलं टपाल म्हणून म्हार्दोळकडे वळवलं असेल. नाहीतर ते पुण्याच्या परतीच्या वाटेवर असेल. तिघांपैकी कुठलं, ते ट्रॅकिंगची सगळ्यात वरची, म्हणजे ताजी ओळ सांगेल. नुसतं गावाचं नाव बघू नका, त्यापुढचे इंग्रजी शब्द मुलीकडून नीट वाचून घ्या. ‘रिसीव्हड’ म्हणजे पिशवीतून उतरलं, तुमच्या हातात पडलं नाही. ‘बॅग्ड’ आणि ‘डिस्पॅच्ड’ म्हणजे पुन्हा पिशवीत भरून पुढं निघालं. ‘इनसफिशियंट अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्त्यावरून माणूस सापडला नाही. ‘रिटर्न टू सेंडर’ दिसलं तर पाकिटाचं तोंड पुण्याकडे वळलं.

आठ दिवस झालेच आहेत, म्हणून मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलं की तक्रार लिहीत बसण्याआधी कुंकळ्ळीच्या पोस्टाला गाठा. फोन लागला नाही तर स्वतः जा. तुमचं आधार कार्ड, भावाच्या पावतीचा फोटो आणि तेरा अक्षरी नंबर कागदावर मोठा लिहून न्या. दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. खिडकीवर गर्दी असेल तर पोस्टमास्तरांना भेटा आणि सरळ सांगा: माझ्या भावानं पिन चुकीचा घातला, गाव कुंकळ्ये, तालुका फोंडा, पाकीट इथं असेल तर ओळख बघून द्या, नाहीतर म्हार्दोळला वळवा. ‘माझं पाकीट गेलं कुठं?’ असा सूर लावलात तर समोरचा माणूस आधी स्वतःचा बचाव करायला लागतो. चूक आपल्याकडची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितलंत तर तो कपाट उघडतो. मी पोस्टाच्या खिडकीच्या पलीकडे तेहतीस वर्षं बसले, म्हणून हे सांगते.

त्याच दिवशी भावाला दोन कामं सांगा. त्याच्या इमारतीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं, की परत आलेलं पाकीट ‘घरात कुणी नाही’ म्हणून फिरवून लावू नका. आणि जिथून पाकीट टाकलं त्या पोस्टात मूळ पावती घेऊन जायचं. पावती त्याच्या नावाची आहे, म्हणून त्याचा शब्द तिथं जास्त चालतो.

दोन-तीन दिवसांत पत्ता लागला नाही तर लेखी तक्रार करा. पोस्टाचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८, किंवा इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ. तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. तिथून काही हललं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर टाका. २०२४ पासून तिथं तक्रार निकाली काढायला २१ दिवसांची मुदत आहे. पणजीला गोवा विभागाचं पोस्टमास्टर जनरलांचं कार्यालय आहे, अधूनमधून टपालाच्या तक्रारी ऐकणारी डाक अदालतही भरते. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून पाकिटाच्या प्रवासाची नोंद मागता येते, पण उत्तराला तीस दिवस आणि तुमच्या मुलीची मुदत त्याआधीच संपतेय. ते शेवटी ठेवा.

भरपाईबद्दल आशा लावून बसू नका. स्पीड पोस्टाचं टपाल गहाळ झालं तर भरलेल्या हशिलाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळतं. मौल्यवान वस्तूचा वेगळा विमा उतरवावा लागतो, तो तुमच्या भावानं उतरवलेला नाही, पावतीवर दिसतंय. १८९८ च्या कायद्यानं पोस्टाला जबाबदारीतून बरीच सूट दिली होती. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यातही ते संरक्षण राहिलं आहे. आणि तुमच्या बाबतीत पिनच चुकलेला. पैशासाठी भांडण्यात जाणारी ताकद पाकीट शोधण्यात घाला.

कॉलेजचं काम मात्र पाकिटावर अवलंबून ठेवू नका. गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून काढता येते आणि ती कायद्यानं मूळ प्रतीइतकीच चालते. मुलीचा बैठक क्रमांक हाताशी ठेवा, म्हणजे झालं. दाखल्यासाठी तिच्या शाळेला मेल करा, पाकीट वाटेत अडकल्याचं लिहा, दुसरी प्रत मिळायला काय लागेल ते विचारा. आणि कॉलेजच्या प्राचार्यांना आजच साध्या कागदावर अर्ज द्या: मूळ कागद टपालात आहेत, स्पीड पोस्टचा नंबर अमुक, सोबत पावतीची प्रत, मुदत वाढवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शेवटच्या दिवशी रडवेल्या तोंडानं उभं राहण्यापेक्षा दहा दिवस आधी दिलेला कागद कुठल्याही कार्यालयात जास्त बोलतो.

पोलिसांचं म्हणाल तर आताच नको. आज तुम्ही गेलात तर चोरीची तक्रार कुणावर करणार? पाकीट खरंच सापडत नाही असं पोस्टानं लेखी कळवलं, तर ते पत्र घेऊन जा आणि कागद हरवल्याची नोंद करून दाखला घ्या. नक्कल प्रत देताना बोर्ड किंवा शाळा तो मागू शकते.

एटीएम कार्डाचं दुखणं निराळं आहे आणि त्यात तुम्ही दोन महिने गप्प बसलात हे मला आवडलं नाही. बँकेत जा, किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करा. गुगलवर मिळालेल्या नंबरवर नको, तिथं भामट्यांचे नंबर असतात. कार्ड कुठल्या तारखेला, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या नंबरानं पाठवलं ते विचारा. परत बँकेत येऊन पडलं असेल तर उत्तम. नसेल तर ते कार्ड बंद करून घ्या आणि नवीन कार्ड घरी न मागवता शाखेतून हातोहात घ्या. बँकेकडे तुमचा पत्ता जुन्या घर क्रमांकाचा किंवा माहेरचा तर नाही ना, हेही त्याच फेरीत बघा. पुढंमागं खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तोटा तुमच्या माथी येत नाही.

लग्नाच्या पत्रिका साध्या टपालानं आल्या असणार. साध्या टपालाला नंबर नसतो, नोंद नसते, म्हणून गेलेली पत्रिका कुणी शोधू शकत नाही. पण पुढची जाते का, हे बघता येतं. पन्नास पैशांची चार पोस्टकार्डं घ्या. एक म्हार्दोळला टाका, एक फोंड्याला, एक पणजीला, एक कुणाकरवी मडगावला. चारही स्वतःच्याच पत्त्यावर, प्रत्येकावर टाकल्याची तारीख. कोणतं कधी आलं ते कॅलेंडरवर लिहा. चारही आली तर तुमच्या वाटेत खोट नाही, पाठवणाऱ्यांनी पत्ते चुकवले. एकच ठरावीक येत नसेल तर ती माहिती लिहून पोस्टमास्तरांना द्या. पोस्टाचे निरीक्षकही अशीच चाचणी पत्रं टाकून बघतात, त्यामुळे तुम्ही काय म्हणताय ते त्यांना एका वाक्यात कळेल.

तुमच्या नावाच्या त्या शेजारणीबद्दल मला काळजी वाटते. आपल्याकडे एका वाड्यावर एकच आडनाव असतं, नावंही आजी-पणजीची फिरून येतात. तिच्याकडे तुमचं टपाल गेलं असेलही, पण जसं तिच्याकडे तुमचं तसं तुमच्याकडेही तिचं कधीतरी आलं असेल, आठवून बघा. घरी जाऊन मोकळेपणानं विचारा, बँकेचं लांबट पाकीट आलं होतं का. मुलांनी कपाटावर टाकून दिलेलं पाकीट विचारल्यावर सापडलेलं मी कितीदा तरी बघितलंय. आणि दोघी मिळून पोस्टमनला सांगा, की अमक्याची बायको ही, तमक्याची सून ती. पाकिटावरही नावापुढं नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव लिहायला सगळ्यांना सांगत चला.

मी ‘आयलें ना’ या शब्दांवर अडखळले, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका लहान पोस्टात खिडकीवर होते. गावातल्या एका मुलाला मुलाखतीचं पत्र यायचं होतं. त्याची आई रोज सकाळी पदर सावरत यायची, विचारायची. मी मान वर न करता म्हणायची, आलं नाही. आठ दिवस हेच. पत्र तिसऱ्या दिवशीच आलं होतं. पाकिटावर त्यांचं सरकारी कागदावरचं आडनाव होतं, आणि गावात ते घर ओळखलं जायचं घराण्याच्या जुन्या नावानं. नेहमीचा पोस्टमन रजेवर, बदली मुलानं दोन ठिकाणी विचारलं आणि ‘असा इसम सापडत नाही’ असा शेरा मारून पत्र परतीच्या टपालात ठेवलं. पोस्टाच्या नोंदवहीत सगळं लिहिलेलं होतं. मी तेव्हाच ती वही उघडली असती तर पत्र परत जाण्याआधी आमच्याच कपाटात सापडलं असतं. मुलाला कळलं तोवर मुलाखत होऊन गेली होती. त्या बाईनं मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि ते मला आजही जड जातं. त्यानंतर वही बघितल्याशिवाय ‘आलं नाही’ हे मी कुणालाही म्हटलं नाही. तुम्हालाही हेच सांगते: खिडकीवर ‘आलं नाही’ ऐकलंत तर नम्रपणे म्हणा, ‘‘नंबर देते, जरा नोंदीत बघा.’’ ते सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

यापुढं पत्ता कसा द्यायचा तेही लिहून घ्या, कारण गोव्यातला पत्ता रस्त्यावर बसत नाही. आधी नाव आणि कुणाचं घर ते, मग घर क्रमांक, वाडा, जवळचं देऊळ किंवा कपेल (लहान चर्च), मग गाव. त्याखाली ‘पोस्ट म्हार्दोळ, तालुका फोंडा, गोवा’, पिन मोठ्या आकड्यांत, आणि मोबाइल नंबर. तालुका कधीही गाळू नका. हा पत्ता एकदा मराठीत आणि रोमीत टाइप करून ठेवा आणि ज्याला हवा त्याला तोच पाठवा, तोंडी सांगू नका. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला आहे, साधारण चार मीटर चौकोनाच्या जागेला दहा अक्षरांचा एक संकेत. माडांत आत दडलेल्या घरांना त्याचा उपयोग होईल, पण पिन कोडाच्या जागी नाही, जोडीला. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. महत्त्वाचे कागद पाठवताना काउंटरवर ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘ओटीपी डिलिव्हरी’ मागायची. पाच-पाच रुपये आणि वर कर. पाकीट दुसऱ्याच्या हातात पडत नाही. आणि पावती हातात आली की खिडकी सोडण्याआधी तिच्यावरचा पिन वाचायचा. भावानं तेवढं केलं असतं तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं, मात्र हे त्याला आत्ता ऐकवू नका.

आईच्या वहीबद्दल शेवटी लिहितेय, कारण तिच्याबद्दल लिहायला मला धीर गोळा करावा लागला. गुणपत्रिकेची प्रत निघते, वहीची निघत नाही. ती सापडेल असं मला मनापासून वाटतं. चुकीच्या पिननं गेलेलं नंबराचं टपाल बहुतेक वेळा पाठवणाऱ्याकडे तरी परत येतं. पण मधल्या दिवसांत हातावर हात ठेवून बसू नका. भावाला विचारा, त्यानं किंवा वहिनींनी कधी पानांचे फोटो काढले होते का. आईसोबत धालोंना, म्हणजे बायकांच्या त्या गाण्या-नाचांना, मांडावर उभ्या राहिलेल्या बायका अजून गावात असतील. त्यांच्याकडे जा, फोनवर त्यांचा आवाज भरून घ्या. तुमच्याही तोंडी किती ओव्या आहेत ते गायला लागल्याशिवाय कळणार नाही. वही आली की त्याच संध्याकाळी प्रत्येक पानाचा फोटो काढून भावालाही पाठवा, आणि पुढं कधी तिनं प्रवास करायचा झाला तर कुणाच्या तरी पिशवीतून, माणसासोबत.

आणि हे सगळं करायच्या आधी उद्या सकाळी तुमच्या पोस्टमनला गाठा. तो टपाल लावून वाटपाला निघायच्या आत. चार माणसांसमोर बोललात, तर चार माणसांसमोरच सांगा की चूक त्याची नव्हती. मग पाकिटाचा नंबर त्याच्या हातात द्या. कुंकळ्ळीला बटवडा कोण करतो, तिथली पिशवी किती वाजता सुटते, चुकून आलेलं टपाल कुठल्या खणात ठेवतात, हे त्याच्या खात्यातलं काम आहे. तो तिथं एक फोन करेल. तुम्हाला खिडकीवर जे दोन दिवसांत कळणार नाही, ते त्याला त्या फोनवर कळेल.